लाखोळीची डाळ आणि मेंदूच्या पेशींचे संरक्षण

(ग्रामपंचायतींचे पदाधिकारी, शिक्षक आणि आरोग्य व कृषी विभागांचे क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मानवी शरीराला झालेल्या बहुतेक जखमा काळाच्या ओघात भरून येतात. कातडी फाटली तर नवी कातडी येते, हाड मोडले तर ते सांधते, रक्त गेले तर काही आठवड्यांत नवे रक्त तयार होते. मेंदू आणि मेरुरज्जू यांतील मज्जापेशींना मात्र निसर्गाने ही सवलत जवळजवळ दिलेली नाही. एकदा नष्ट झालेली मज्जापेशी सहसा पुन्हा निर्माण होत नाही. म्हणूनच कंपवात, विस्मृतीचा अल्झायमर रोग, पक्षाघात अशा विकारांवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे सर्वांत मोठा प्रश्न असतो तो पेशी मरण्यापूर्वी तिचे रक्षण कसे करावे हा. यांपैकी बहुतेक रोगांचे मूळ कारण अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही. परंतु मज्जापेशींचा नाश करणारा एक रोग असा आहे की, त्याचे कारण ठाऊक आहे, ते कारण आपल्या शेतात पिकते, आणि तो रोग टाळण्याचा उपाय गरिबातल्या गरीब घराच्या चुलीपर्यंत पोहोचू शकतो. लाखोळीच्या डाळीच्या अतिसेवनाने येणारे पंगुत्व हा तो रोग होय. वैद्यकात त्याला लॅथिरिझम म्हणतात.

विदर्भात या धान्याला लाख किंवा लाखोळी म्हणतात. मध्य प्रदेशात व छत्तीसगडमध्ये ते तिवडा किंवा तिवरा या नावाने, तर उत्तर भारतात व बिहार-बंगालमध्ये खेसारी या नावाने ओळखले जाते. वनस्पतिशास्त्रातील त्याचे नाव लॅथिरस सटायव्हस असे आहे. भाताचे पीक उभे असतानाच ओल्या जमिनीत त्याचे बी फेकून द्यावयाचे, आणि भात कापून नेल्यावर उरलेल्या ओलाव्यावर ते आपोआप वाढू द्यावयाचे, ही उतेऱ्याची पद्धत पूर्व विदर्भ व छत्तीसगड येथील शेतकऱ्यांच्या पूर्ण परिचयाची आहे. या पिकाला नांगरट नको, खत नको, पाण्याची पाळी नको. पाऊस ओढ देवो वा शेत तुंबो, गहू व हरभरा हातचे जावोत, लाखोळी मात्र तग धरते. तिच्या दाण्यात पाव हिश्शाहून अधिक प्रथिने असतात. थोडक्यात, दुष्काळात गरिबाच्या घरी उरणारे हे शेवटचे धान्य होय. या गुणामुळेच ते धोक्याचे ठरले, कारण इतर सर्व पिके बुडाली की माणसे महिनोन्महिने केवळ याच डाळीवर जगू लागतात.

हा रोग नवा नाही. सुश्रुतसंहितेत वातव्याधींच्या वर्णनात कलायखंज या विकाराचा उल्लेख येतो. कलाय म्हणजे वाटाण्याच्या जातीचे कडधान्य आणि खंज म्हणजे लंगडा. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथात त्रिपुट नावाच्या धान्याने माणूस पांगळा होतो, असे सांगितलेले आहे. म्हणजे अन्न आणि पंगुत्व यांचा संबंध आपल्या वैद्यांच्या ध्यानात फार पूर्वीच आला होता.

अर्वाचीन काळातील एक स्पष्ट नोंद सागर भागातील आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेले इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनात ती दिली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने, १८३० मध्ये पावसाच्या अभावाने आणि १८३१ मध्ये तांबेऱ्यासारख्या रोगाने तेथील गव्हाचे पीक गेले. या तिन्ही वर्षांत तिवडा मात्र जोमाने आला. लोकांनी त्याचा दाणा खाल्ला आणि पाला गुरांना घातला. १८३३ मध्ये त्या गावांतील तिशीच्या आतली माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. स्लीमन वैद्य नव्हते, परंतु कोणती पिके गेली, काय खाल्ले आणि किती दिवसांनी काय झाले हा क्रम त्यांनी नोंदविला, म्हणून त्यांची हकीकत आजही संशोधकांच्या उपयोगी पडते. गावातील शिक्षकाने किंवा ग्रामसेवकाने केलेली साधी, प्रामाणिक नोंद शास्त्राच्या किती कामी येते याचे हे उदाहरण आहे. पुढे १८७३ मध्ये इटलीतील नेपल्स येथील वैद्य कांतानी यांनी या रोगास लॅथिरिझम हे नाव दिले.

रोगाचे स्वरूप आरोग्य कर्मचाऱ्यांनी नीट ध्यानात ठेवावे असे आहे. रोगी बहुधा तरुण, कष्टकरी पुरुष असतो. श्रमाच्या दिवसानंतर किंवा पावसात भिजल्यानंतर त्याच्या पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड वाटतात, गुडघे ताठ होतात. कधी हा आरंभ हळूहळू होतो, तर कधी रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठून पाय टाकू शकत नाही. टाच जमिनीला टेकत नाही, चवड्यांवर चालावे लागते, आणि पुढे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकू लागतात. वैद्यांनी या रोगाच्या पायऱ्या केल्या आहेत त्या रोग्याच्या काठीवरून: पहिल्या पायरीत काठीवाचून पण अडखळत चालणे, दुसरीत एक काठी, तिसरीत दोन काठ्या आणि शेवटी हातांवर व ढुंगणावर सरकत जाणे. पोलिओमध्ये अवयव लुळा व सैल पडतो, येथे पाय ताठर होतात, हा भेद सहज ओळखता येतो. स्पर्शाची जाणीव बहुधा शाबूत राहते. बुद्धी, स्मृती व वाणी यांना काही होत नाही. डाळ बंद केल्यावर रोग सहसा वाढत नाही, पण आलेले पंगुत्वही जात नाही. विशीतला तरुण पुढील चाळीस-पन्नास वर्षे पूर्ण शुद्धीवर आणि पूर्ण समजुतीने पांगळा राहतो, हे या रोगाचे खरे दुःख आहे.

हा रोग केवळ भारताचा आहे असे समजण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या अखेरीस, रुमानियाच्या ताब्यातील युक्रेन प्रदेशात वाप्नियार्का येथील छळछावणीत ज्यू कैद्यांना मुख्यतः या जातीचे कडधान्य शिजवून दिले जाऊ लागले. काही आठवड्यांतच कैदी पांगळे होऊ लागले. कैद्यांपैकीच एक असलेले वैद्य आर्थर केसलर यांनी रोग ओळखला व हे अन्न बंद करण्याचा आग्रह धरला. तोपर्यंत शेकडो कैद्यांचे पाय गेले होते. युद्धानंतर इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या या रोग्यांची केसलर यांनी अनेक वर्षे देखभाल केली. ज्या माणसांनी हे अन्न थोडाच काळ खाल्ले होते, त्यांचेही पंगुत्व आयुष्यभर राहिले. उपासमार आणि एकाच धान्याची सक्ती जेथे एकत्र येतात, तेथे हा रोग उद्भवतो, मग तो देश कोणताही असो.

असे असूनही डाळीतील नेमके विष कोणते हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उमगले नव्हते. हा शोध भारतीय शास्त्रज्ञांनी लावला, ही अभिमानाची गोष्ट आहे. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. सरमा यांनी १९६४ मध्ये लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे केले. त्याच वर्षी दिल्लीतील मूर्ती, शेषाद्री व वेंकटसुब्रमण्यन यांनीही या दाण्यांतील मज्जाविषासंबंधी आपले संशोधन प्रसिद्ध केले. या द्रव्याचे पूर्ण रासायनिक नाव लांबलचक आहे. संशोधक संक्षेपाने त्याला ओडॅप म्हणतात, काही ठिकाणी बोआ असेही नाव आढळते. हे द्रव्य पाण्यात सहज विरघळते. या एका गुणधर्मावर पुढील सर्व व्यावहारिक उपाय उभे आहेत.

आता हे विष मज्जापेशीला मारते कसे, ते पाहू. मेंदूतील एक पेशी दुसरीला निरोप देते तेव्हा ती एक रासायनिक द्रव्य सोडते. उत्तेजनाचे निरोप नेणारे प्रमुख द्रव्य म्हणजे ग्लुटामेट. ते समोरच्या पेशीवरील ठरावीक ग्राहकांना जाऊन चिकटते, त्यामुळे पेशीची दारे क्षणभर उघडतात, विद्युत्भारित कण आत शिरतात आणि निरोप पोहोचतो. लगेच ग्लुटामेट बाजूला काढले जाते व दारे मिटतात. शेतकऱ्याला हे पाटाच्या पाण्यावरून समजेल. पिकाला पाणी हवेच, पण पाळी संपताच बारे बंद केले पाहिजे. ते रात्रभर उघडे राहिले तर तेच पाणी पीक कुजविते. ओडॅपची घडण ग्लुटामेटसारखी आहे. ते ग्लुटामेटच्या ग्राहकांपैकी ॲम्पा नावाच्या ग्राहकांना चिकटते आणि पेशीला गरजेपेक्षा अधिक उत्तेजित ठेवते. पेशीत कॅल्शियमचा लोंढा येतो, तेथील पाचक द्रव्ये मोकाट सुटून पेशीचेच घटक तोडू लागतात, ऊर्जा पुरविणारी मायटोकाँड्रिया नावाची सूक्ष्म केंद्रे बंद पडतात आणि पेशी मरते. मेंदूच्या बाह्य थरातून मेरुरज्जूकडे जाणाऱ्या आणि पायांच्या हालचाली चालविणाऱ्या लांब मज्जातंतूंवर याचा आघात सर्वांत अधिक होतो. म्हणूनच हात व बुद्धी शाबूत राहून पाय जातात.

अतिउत्तेजनाने पेशी मरते ही कल्पना अमेरिकेतील सेंट लुइस येथील जॉन ओल्नी यांनी मांडली. १९६९ मध्ये त्यांनी ग्लुटामेटचे इंजेक्शन दिलेल्या उंदरांच्या पिलांच्या मेंदूत पेशींचा नाश झाल्याचे दाखविले. १९७६ मध्ये त्यांच्या गटाने लाखोळीतील विषही याच प्रकारचे असल्याचे सिद्ध केले. १९८६ मध्ये पीटर स्पेन्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांतून ओडॅप व पंगुत्व यांच्या संबंधाचा पुरावा प्रसिद्ध केला. या सहकाऱ्यांत रीवा जिल्ह्यातील रोग्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेले डॉ. एम. पी. द्विवेदी हेही होते. द्विवेदी आणि बी. जी. प्रसाद यांनी रीवा जिल्ह्यातील या रोगाची पाहणी १९६४ मध्येच प्रसिद्ध केली होती. खेड्यातील पाहणी, रसायनशाळेतील पृथक्करण आणि प्राण्यांवरील प्रयोग अशा तीन वाटा येथे एकत्र आल्या.

एक प्रश्न मात्र शिल्लक राहिला. एकाच घरात, एकाच चुलीवरची डाळ खाणाऱ्या पाचजणांपैकी एकालाच हा रोग का होतो? आणि पुरुषांना अधिक, स्त्रियांना कमी का? या प्रश्नाच्या उत्तरातूनच मज्जापेशींच्या संरक्षणाचे शास्त्र पुढे गेले आहे. प्रत्येक पेशीत ग्लुटाथायोन नावाचे एक रक्षक द्रव्य असते. पेशीतील जळणप्रक्रियेतून जी विघातक द्रव्ये निर्माण होतात, त्यांचा ते बंदोबस्त करते. हे द्रव्य तयार होण्यास गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात. लाखोळीत इतर प्रथिने भरपूर असली तरी गंधकयुक्त अमिनो आम्ले फार कमी असतात. म्हणजे जी व्यक्ती केवळ याच डाळीवर जगते, तिच्या पोटात एकीकडे विष जाते आणि दुसरीकडे त्या विषाशी लढण्याचे साहित्यच मिळत नाही. बंगळूर येथे राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत विजयालक्ष्मी रवींद्रनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, या विषाने पेशी मरण्याच्या आधीच तिच्या मायटोकाँड्रियांतील एक महत्त्वाचा घटक निकामी होतो, आणि पेशीतील गंधकयुक्त संरक्षक गट शाबूत ठेवता आले तर ही हानी रोखता येते. पुढील प्रयोगांत मादी उंदरांच्या मेंदूत ग्लुटारेडॉक्सिन नावाचे एक रक्षक प्रथिन नरांपेक्षा अधिक आढळले, आणि ते कमी केल्यावर माद्यांचेही संरक्षण गेले. स्त्रियांना हा रोग कमी का होतो, याचे एक संभाव्य उत्तर यातून मिळते.

या ज्ञानाचा उपयोग इतर रोगांतही होईल, अशी मोठी आशा शास्त्रज्ञांना वाटली. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडून पक्षाघात होतो, तेव्हा प्राणवायूवाचून तडफडणाऱ्या पेशींतून ग्लुटामेट बाहेर सांडते आणि शेजारच्या पेशींचाही बळी घेते. म्हणून ग्लुटामेटची दारे बंद करणारी औषधे शोधण्यात आली. प्राण्यांत ती गुणकारी ठरली, परंतु १९९० च्या दशकात माणसांवर झालेल्या चाचण्यांत एकामागून एक अपयशी ठरली. याची दोन कारणे प्रामुख्याने सांगितली जातात. रोगी रुग्णालयात येईपर्यंत पेशी मरून गेलेल्या असतात, हे एक. ग्लुटामेट हे मेंदूच्या नित्य व्यवहाराचेही साधन असल्यामुळे त्याची दारे सर्वत्र बंद केली तर मेंदूचे कामच बिघडते, हे दुसरे. पक्षाघातात आज प्रत्यक्ष फायदा होतो तो गुठळी विरघळवून रक्तप्रवाह त्वरित सुरू केल्याने, आणि ते औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ग्लुटामेटचा स्राव कमी करणारे रिलुझोल हे औषध मोटर न्यूरॉन रोगासाठी अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झाले. त्याने रोग्याचे आयुष्य काही महिन्यांनी वाढते, रोग बरा होत नाही. अल्झायमर रोगात दिले जाणारे मेमँटिन हे ग्लुटामेटचे एक दार सौम्यपणे अडविते. त्यास अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. त्यानेही लक्षणांत थोडा उतार पडतो, एवढेच. सारांश, मरणाऱ्या पेशीला औषधाने वाचविणे अजून फार कठीण आहे. विष पेशीपर्यंत पोहोचूच न देणे हे मात्र लाखोळीच्या बाबतीत पूर्णपणे माणसाच्या हाती आहे.

या दृष्टीने हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचे काम मोलाचे आहे. तेथील मोहन, नागराजन व गोपालन यांनी १९६६ मध्ये घरगुती उपायांनी हे विष काढण्याच्या सोप्या पद्धती प्रसिद्ध केल्या. तत्त्व साधे आहे. डाळ भरपूर उकळत्या पाण्यात तास-दोन तास भिजत ठेवावी, ते पाणी सगळे ओतून टाकावे, डाळ पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावी आणि मग शिजवावी. अख्खे दाणे असतील तर तांदूळ उकडा करण्याच्या पद्धतीप्रमाणे भिजवून, पाणी काढून, वाफवून वाळवावेत. यामुळे विषाचा बराच मोठा भाग निघून जातो. तथापि तीन गोष्टी विसरू नयेत. पहिली, भिजविलेले पाणी वरणात वापरले तर सर्व श्रम वाया जातात, कारण विष त्या पाण्यातच उतरलेले असते. ते पाणी गुरांनाही पाजू नये. दुसरी, पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात, म्हणून जोडीला पालेभाजी हवी. तिसरी, विष पूर्णपणे जात नाही. त्यामुळे धुतलेली डाळसुद्धा रोजचे मुख्य अन्न होता कामा नये. आहाराचा सुमारे तिसरा हिस्सा किंवा अधिक भाग लाखोळीचा असेल आणि असा आहार दोन-तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ चालला, तर धोका उभा राहतो. अधूनमधून, इतर धान्यांबरोबर थोडी खाल्ल्याने रोग होत नाही, असाच बहुतेकांचा अनुभव आहे.

मिश्र आहाराचे महत्त्व इथियोपियातील अभ्यासाने ठळकपणे पुढे आणले. तेथील उत्तरेकडील डोंगराळ भागात १९९० च्या दशकातील दुष्काळानंतर या रोगाची मोठी साथ आली. हायलेयसुस गेताहुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, कच्चे हिरवे दाणे, भाजलेले दाणे व उकडलेले दाणे खाणाऱ्यांना धोका अधिक होता. ज्या घरांत गंधकयुक्त अमिनो आम्लांनी युक्त अशी तृणधान्ये डाळीत मिसळली जात, त्या घरांत धोका कमी होता. कांदा, लसूण, आले यांसारख्या मसाल्यांच्या रश्शानेही काही संरक्षण मिळत असे. दुष्काळात मदत म्हणून पाठविलेल्या धान्याने पोट भरते, त्याचबरोबर मज्जापेशींचेही रक्षण होते, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली मिळणाऱ्या गहू-तांदळाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. शिधापत्रिकेवरचे धान्य वेळेवर पोहोचणे हे येथे प्रत्यक्ष रोगप्रतिबंधाचे काम आहे.

कायद्याचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१ मध्ये खेसारीची डाळ, तिचे पीठ व मिश्रणे यांच्या विक्रीवर बंदी घालण्याची तरतूद झाली. ही बंदी अमलात आणण्याची तारीख ठरविण्याचा अधिकार राज्य शासनांकडे होता, त्यामुळे सर्वत्र एकसारखी स्थिती राहिली नाही. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांतही या डाळीवरील निर्बंधाची तरतूद आली. विक्रीला आडकाठी झाली तरी पीक थांबले नाही. ते शेतात राहिले आणि बाजारात मात्र ते तुरीच्या डाळीत व बेसनात लपून शिरले. म्हणजे ज्याला आपण काय खातो हे ठाऊक असते, तो ते भिजवून खाऊ शकतो. ज्याच्या ताटात ते भेसळीने येते, त्याला तीही संधी राहत नाही.

यामुळे तज्ज्ञांत दोन मते आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, ज्या धान्याने माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो त्यास बाजारात जागा नको. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, अपराध धान्याचा नसून दारिद्र्याचा आहे. हे विष शोधून काढणारे एस. एल. एन. राव यांनीच पुढे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील दीर्घ अभ्यासानंतर दुसऱ्या मताचा पुरस्कार केला, ही बाब लक्षणीय आहे. समतोल आहारात हे कडधान्य सुरक्षित आहे आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा तो आधार आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. रीवा भागात एके काळी वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य दिले जात असे. जमीनदार तेच धान्य पिकवी, पण त्याच्या ताटात गहू असे. मजुराला निवड नव्हती. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. मजुरी रोख मिळू लागली, सिंचन व गहू वाढला, तसतसा हा रोग कमी होत गेला. कोणत्याही औषधाने जे साधले नाही, ते मजुरीच्या सुधारणेने साधले.

कृषिशास्त्रज्ञांनी तिसरा मार्ग काढला आहे. जुन्या वाणांच्या तुलनेत ज्यांच्यात ओडॅपचे प्रमाण पुष्कळ कमी आहे, असे सुधारित वाण त्यांनी तयार केले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत पुसा-२४ पासून ऊतिसंवर्धनाने रतन हा वाण निघाला. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने प्रतीक व महातिवरा हे वाण दिले. यांत विषाचे प्रमाण शेकडा एक दशांशाहूनही कमी असते. मात्र येथेही दक्षता हवी. मधमाश्यांमुळे शेजारच्या जुन्या वाणाचा पराग येतो आणि घरचे बी वर्षानुवर्षे वापरल्यास गुण टिकत नाही. शिवाय पाण्याचा ताण पडला किंवा जमिनीत जस्त कमी असले, तर दाण्यातील विष वाढते. म्हणून बी ठरावीक काळाने बदलावे, शक्यतो गावाने मिळून एकच वाण लावावा, आणि दुष्काळी वर्षीचे पीक अधिक काळजीने भिजवून खावे.

आता ज्याच्या त्याच्या कर्तव्याविषयी थोडेसे.

गावकऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे: लाखोळी एकट्याने मुख्य अन्न म्हणून खाऊ नये, पाणी टाकून दिल्यावाचून शिजवू नये, कोवळे हिरवे दाणे मुलांना मूठमूठ खाऊ देऊ नयेत. पोटऱ्यांत वारंवार गोळे येऊ लागले आणि पाय जड वाटू लागले, तर ही डाळ त्याच दिवशी बंद करावी व दवाखान्यात जावे. हा रोग संसर्गजन्य नाही, आनुवंशिक नाही, कोणाच्या शापाने वा करणीने होत नाही. ज्याचे पाय गेले त्याच्या मुलामुलींच्या सोयरिकी अडविणे हा निव्वळ अन्याय आहे.

शिक्षकांनी वर्गात तुरीची, हरभऱ्याची व लाखोळीची डाळ शेजारी शेजारी ठेवून दाखवावी. लाखोळीचा दाणा चौकोनी, एका बाजूने उतरता, पाचरीसारखा असतो. तूरडाळीचा दाणा गोलसर असतो. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की मुले तो घरी जाऊन आईला सांगतात. प्रयोगशाळा असल्यास बेसनाचा नमुना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घालून गरम पाण्यावर सुमारे पंधरा मिनिटे ठेवावा. गुलाबी रंग आला तर भेसळीचा संशय धरावा. काही बंदी असलेल्या पिवळ्या रंगांनीही असा रंग येतो, म्हणून अंतिम निर्णय अन्न तपासणी प्रयोगशाळेचाच मानावा. आम्ल हाताळण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे.

अधिकाऱ्यांची जबाबदारी सर्वांत मोठी आहे. ज्या वर्षी पाऊस फसतो, त्या वर्षी लाखोळीचा पेरा किती वाढला हे तलाठ्याच्या पीकपाहणीत दिसते. तो आकडा आरोग्य विभागापर्यंत पोहोचला, तर रोगी दिसण्यापूर्वीच त्या गावांकडे धान्य व सल्ला पाठविता येईल. मजुरी धान्यात दिली जात असेल तर ती कोणत्या धान्यात दिली जाते, याची चौकशी झाली पाहिजे. जे पूर्वीच पांगळे झाले आहेत, त्यांना अपंगत्वाचे प्रमाणपत्र, कुबड्या, तीनचाकी आणि बसून करता येण्याजोगे काम मिळाले पाहिजे. त्यांचे हात व बुद्धी शाबूत आहेत, ही गोष्ट कार्यालयातील अर्ज तपासताना विसरता कामा नये. ताठ झालेल्या स्नायूंना औषधाने व व्यायामाने काहीसा आराम मिळतो, तोही त्यांना नाकारला जाऊ नये.

मेंदूच्या पेशींचे संरक्षण हा विषय मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांचा आहे असे सामान्यतः मानले जाते. कंपवात व विस्मृती यांच्याबाबत आज तरी ते बहुतांशी खरे आहे, आणि त्या संशोधनाला यश येवो अशीच सर्वांची इच्छा असेल. लाखोळीच्या बाबतीत मात्र शास्त्रज्ञांनी आपले काम बरेचसे पुरे केले आहे. विष कळले, ते पेशीला कसे मारते हे कळले, ते काढण्याची रीत सापडली, कमी विषाचे बियाणेही तयार झाले. पुढील काम पीकपाहणीच्या वहीचे, शिधावाटप दुकानाच्या तराजूचे, शाळेतील फळ्याचे आणि घरातील पातेल्यातून ओतून टाकावयाच्या पाण्याचे आहे. ते वेळीच झाले, तर पुढच्या दुष्काळात एकाही तरुणाच्या हाती काठी येण्याचे कारण नाही.